ट्रॉली मुकी राहिली तर?

प्रश्न : मी निपाणीचा. हंगामात तवंदी घाटात बिनदिव्यांच्या उसाच्या ट्रॉल्या रात्री अचानक समोर येतात. गाड्या म्हणे आता एकमेकींशी बोलणार. मग हा धोका टळेल का?

उत्तर : काका, अशी गाडी सेकंदाला साधारण 10 वेळा आपली जागा, वेग, दिशा रेडिओलहरींवर कळवते. कॅमेऱ्याला वळणाआडचं दिसत नाही. हा निरोप मात्र काहीशे मीटरवर, बरेचदा वळणाआडही पोचतो. पण ट्रॉलीवर यंत्रच नसेल तर ती मुकीच! माझे वडील संकेश्वरला ऊस वाहायचे, मागे कंदील टांगल्याशिवाय निघत नसत. तुमच्या गल्लीतल्या ट्रॉल्यांना याच आठवड्यात लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावून घ्या. आणि बंद पडलेल्या ट्रॉलीमागे रचलेले दगड निघताना उचलायला सांगा, हात जोडून सांगते.