प्रोटोकॉल व्हीलॅन लावल्यावर पिंग का जात नाही?

तुमचा प्रश्न असा: स्विचच्या एकाच पोर्टवरची आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ ट्रॅफिक प्रोटोकॉल बघून व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) १०० आणि २०० मध्ये वेगळी केली, सेटिंग सगळं बरोबर दिसतंय, पण आयपीव्ही४ चं पिंग (संपर्क होतो का ते तपासणारा संदेश) गेटवेपर्यंत, म्हणजे नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरपर्यंत, पोचत नाही.

बहुतेक एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता विचारणारा प्रोटोकॉल) राहिलंय. स्विच फ्रेममधला (डेटाच्या पाकिटातला) ईथरटाइप, म्हणजे आत कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगणारा आकडा, बघून व्हीलॅन ठरवतो. आयपीव्ही४ चा ०८००, आयपीव्ही६ चा ८६डीडी, आणि एआरपीचा ०८०६, म्हणजे त्याच्या लेखी एआरपी हा वेगळाच प्रोटोकॉल. तुम्ही फक्त ०८०० ला व्हीलॅन १०० दिलात, तर एआरपीची विचारणा पोर्टच्या मूळ व्हीलॅनमध्ये जाते. गेटवे तिथे नाहीच, मग मॅक पत्ता सांगणार कोण? मी स्वतः यात अख्खी दुपार घालवली आहे, केबलसुद्धा बदलून पाहिली! ०८०६ ला पण व्हीलॅन १०० च द्या. आयपीव्ही६ ला ही भानगड नाही, त्याचा शेजारी-शोध आयपीव्ही६ मधूनच चालतो.

आणखी एक बघा. ईथरटाइपचा हा नियम फक्त टॅग (फ्रेमवर लिहिलेला व्हीलॅन क्रमांक) नसलेल्या फ्रेमना लागतो. टॅग घेऊन आलेली फ्रेम टॅगमधल्या व्हीलॅनमध्येच जाते. म्हणून एचथ्रीसी किंवा हुआवेचा स्विच असेल तर पोर्ट हायब्रिड (अनेक व्हीलॅन टॅगसह किंवा टॅगशिवाय चालवणारा) करून दोन्ही व्हीलॅन त्यावर अनटॅग्ड, म्हणजे टॅगशिवाय, ठेवा. एकाच व्हीलॅनच्या अ‍ॅक्सेस पोर्टवर हे जमत नाही.

बदल केल्यावर पीसीवर ‘एआरपी -ए’ ही कमांड मारा. गेटवेचा मॅक दिसला की पिंग जायला हवं.