हिवाळ्यात मित्रांसोबत तलावावर फ्लाय फिशिंगला गेलो, पण पहाटेपासून एकही मासा लागला नाही. विदर्भात थंडीत हा नाद सोडून द्यावा का?

आपण लिहिले आहे की, डिसेंबरात तिघे मित्र पहाटे पाचला भंडारा जिल्ह्यातील एका मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या, म्हणजे मालगुजारांच्या काळातील जुन्या तलावाच्या, पाळीवर (बांधावर) जाऊन बसलात, नऊ वाजेपर्यंत गळाला बांधलेली पिसांची बनावट माशी फेकत राहिलात आणि हाताची बोटे बधिर होण्यापलीकडे काहीही पदरी पडले नाही. माझे म्हणणे असे की, हिवाळा सोडू नये, पहाट सोडावी.

फ्लाय फिशिंगविषयी आपल्या वाचनात येते ते बहुतेक ट्राउटविषयीचे असते. ट्राउट हा काश्मीर-हिमाचलच्या गार, वाहत्या पाण्यात रमणारा मासा आहे. आपल्या माजी मालगुजारी तलावांतील रोहू, कटला, मृगळ, मरळ हे सगळे उबदार पाण्याचे मासे आहेत. माशाचे शरीर स्वतः ऊब तयार करून टिकवत नाही. पाणी जितके गार, तितके त्याचे अंग गार, पचन मंद आणि भूक कमी. रोहू-कटल्याची वाढ २५ ते ३० अंशांच्या पाण्यात उत्तम होते, यावरून पौषातल्या पहाटे त्यांची काय अवस्था होत असेल, हे आपल्या लक्षात येईल.

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. त्याच दिवशी आम्ही चौघे साकोली तालुक्यातील एका तलावावर होतो. धानाच्या बांध्यांतून जाताना लाखोळीवरच्या दवाने पँट गुडघ्यापर्यंत भिजली आणि पुढचे दोन तास पाळीवर, खोल पाण्याकडे तोंड करून आम्ही व्यर्थ घालवले. जाळे काढायला आलेले एक वयस्क ढिवर काकाजी शेकोटीजवळ टेकले आणि म्हणाले, "पोरांनो, ऊन पाण्यात उतरू द्या. मासा अजून झोपला आहे." त्यांनी हात केला तो पाळीच्या समोरच्या, उथळ काठाकडे. पाळीजवळचे पाणी सर्वांत खोल असते आणि ते तापायला वेळ लागतो. समोरचे गुडघाभर पाणी अकरा वाजेपर्यंत हाताला कोमट लागू लागते. आम्ही वळसा घालून तिकडे गेलो.

मरळीची एक गोष्ट येथे उपयोगी पडते. तिला कल्ल्यांखेरीज थेट हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे ती अधूनमधून वर येतेच; थंडीत मात्र प्राणवायूची गरज घटल्याने फार उशिराने येते. साडेबाराच्या सुमारास कमळाच्या वाळलेल्या देठांमध्ये एक लहानसा बुडबुडा फुटला आणि त्याभोवती थाळीएवढे एकच वलय उमटले. मित्राने माशी त्या वलयाच्या हातभर पलीकडे टाकली, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि मग दोरी वीतभर, पुन्हा वीतभर अशी ओढली. पावसाळ्यात मरळ माशीवर तुटून पडते. त्या दिवशी दोरी फक्त जरा जड झाली, ओल्या तणसात अडकावी तशी. तो थांबला, काठी उचलली, आणि पाणी उसळले. हिवाळ्यातली मरळ अशी लागते, म्हणून माशी जितकी सावकाश ओढाल तितके चांगले.

साहित्याविषयी थोडेसे. या प्रकारात आमिषाला वजन नसते, दोरीचे वजनच माशीला पुढे नेते. पण थंडीत त्या दोरीचे आवरण कडक होते आणि रीळवरची वेटोळी तशीच राहतात. म्हणून सुरुवातीलाच दोरी हात-हात ताणून सरळ करून घ्यावी. माश्या घरीच तंगुसाला (दोरीच्या टोकाच्या बारीक नायलॉन धाग्याला) बांधून न्याव्यात, कारण गारठलेल्या बोटांनी गाठ नीट बसत नाही. आम्ही गावरान कोंबड्याच्या मानेची पिसे वापरतो, आणि मरळीचे दात तीक्ष्ण असल्याने शेवटचा वीतभर तंगूस जाड ठेवतो. मासा सोडून द्यायचा असेल तर हात आधी पाण्यात बुडवावेत. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला रोगापासून वाचवतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हे तलाव सहसा मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात आणि त्यातील मासा हे अनेक ढिवर कुटुंबांचे पोट आहे. आदल्या दिवशी संस्थेत जाऊन परवानगी घ्यावी, ठरेल ती रक्कम द्यावी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गळ टाकण्याचा विचारही करू नये. तुटलेला तंगूस काठावर सोडू नये. हिवाळ्यात बाहेरदेशीची बदके याच उथळ काठाला चरायला उतरतात आणि त्यांच्या पायांत तो गुंततो.

तेव्हा पुढच्या वेळी नऊला घरून निघा, अकरा ते साडेतीन एवढाच वेळ गळासाठी ठेवा. ऊन कलले की पाणी पुन्हा गार होऊ लागते. आम्ही त्या वेळी दोऱ्या गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर रोडगे भाजायला बसतो.