मीटिंगला ओळखीचे कोणी भेटले तर?

दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला जा असे सुचवले, की तालुक्याच्या गावांतून आलेली कुटुंबे बहुधा एकच शंका काढतात: तिथे ओळखीचे कोणी भेटले तर? एका माध्यमिक शिक्षकाच्या पत्नीनेही मला तेच विचारले होते. (दोघांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) "मॅडम, यांना सगळे गाव सर म्हणते. उद्या शाळेत कळले तर पोरे तोंडावर हसतील," असे त्या म्हणाल्या.

सर तेव्हा नुकतेच रुग्णालयातून घरी आले होते. हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातापायांना कंप सुटणे, फिट येणे, भास होणे असे त्रास होऊ शकतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पडायला हवा. मीटिंगची खरी गरज त्यानंतर लागते, जेव्हा शरीर सावरलेले असते, पण संध्याकाळ झाली की पाय जुन्याच वाटेला वळू लागतात.

सर पितात हे गावात कोणाला ठाऊक नाही का, असे मी बाईंना विचारले. उत्तर सरांनीच दिले: "पानटपरीपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे." बहुतेक घरांत मी हेच पाहते. पिणे जगजाहीर झालेले असते आणि लपवाछपवी मात्र उपचारांची चालते. या उलट्या लाजेमुळे बरी होऊ शकणारी माणसे घरात अडकून पडतात, याचे मला फार वाईट वाटते.

एएची सुरुवात 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात झाली. दारूपायी उद्ध्वस्त होत आलेला एक शेअर दलाल आणि तशाच अवस्थेतला एक शल्यविशारद एकमेकांशी बोलत राहिले आणि त्या बोलण्याच्या आधाराने न पिता राहू शकले. आजही मीटिंगचे सगळे काम याच तत्त्वावर चालते. भारतात ही चळवळ 1957 साली मुंबईत सुरू झाली. सभासद होण्यासाठी दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे. फी नाही, आडनाव विचारले जात नाही, आणि तिथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही हा संकेत सभासद कसोशीने पाळतात, कारण प्रत्येकाची अडचण सारखीच असते. खुल्या मीटिंगला कुटुंबीयही बसू शकतात. बंद मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते.

तरीही सरांची भीती खरी होती आणि भीतीला वाद घालून घालवता येत नाही. म्हणून आम्ही तालुका सोडून जिल्ह्याच्या गावचा गट निवडला आणि पहिली मीटिंग खुली घेतली, म्हणजे बाईंना सोबत जाता आले. एका शाळेच्या वर्गात ती भरत असे. सर शेवटच्या बाकावर बसले, आणि चहाचा कप पुढे करणारा माणूस निघाला त्यांच्याच पंचायत समितीतला लिपिक, ज्याच्या टेबलावर सरांची बिले जात असत. "या सर, बसा," एवढेच तो बोलला. त्याची बोलण्याची पाळी आली तेव्हा पगाराच्या दिवशी मुलीच्या दप्तरातून पैसे काढल्याचे त्याने आवाज न चढवता सांगितले. पुढल्या आठवड्यात कार्यालयात भेट झाली, तेव्हा तो नेहमीसारखा बिलांविषयीच बोलला. माझ्या कोणत्याही आश्वासनापेक्षा त्या भेटीने सरांना अधिक धीर दिला. पुढे तोच त्यांचा स्पॉन्सर, म्हणजे नव्या सभासदाला आधार देणारा जुना सभासद, झाला, आणि गावातल्या एका लग्नाच्या वरातीत मन डळमळले तेव्हा सरांनी मांडवामागून त्यालाच फोन लावला.

बाईंची तक्रार मात्र नंतर सुरू झाली: पूर्वी दारूसाठी बाहेर, आता मीटिंगसाठी बाहेर, मग घराला काय मिळाले? ही तक्रार रास्त आहे. नवऱ्याच्या पिण्याभोवती वर्षे घालवलेल्या बाईलाही स्वतःचे बोलायला जागा हवी असते. 1951 साली सुरू झालेले अल-ॲनॉन कुटुंबीयांसाठीच आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. बाईंच्या गावात असे काही नव्हते, म्हणून त्या फोनवरून ऑनलाइन मीटिंगला बसू लागल्या. नवऱ्याचे खिसे तपासणे त्यानंतर थांबले, ते त्यांनी स्वतःच मला सांगितले.

एखाद्या गटात मन रमले नाही, तर मीटिंगच उपयोगाची नाही असे ठरवून टाकू नये. प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो, भाषाही वेगळी असते. दोन-तीन गट पाहावेत आणि मग ठरवावे. प्रार्थना किंवा 'उच्चशक्ती'चा, म्हणजे आपल्याहून मोठ्या शक्तीचा, उल्लेख खटकत असेल, तर तेही तिथे मोकळेपणाने बोलता येते. जवळचा गट एएच्या संकेतस्थळावर सापडतो, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रातही विचारता येतो, आणि केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची 14446 ही हेल्पलाइन निःशुल्क आहे. पहिला फोन कुटुंबातल्या कोणीही केला तरी चालतो. मीटिंगला जाणाऱ्याने मात्र स्वतःच्या पायांनी जावे.