फौजेची पेन्शन सुरू झाली, आता पुढे?

गड्या, आधी डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) घेऊन ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधलाच राखीव वाटा) आहे, ते सोडू नकोस. मिळेल ती सिक्युरिटीची नोकरी लगेच धरू नकोस. मी धरली होती, ऐरोलीत, 12 तास गेटवर. बायोडेटात नुसतं 'हवालदार' लिहिलंस तर महापेच्या कंपनीतल्या एचआरवाल्या पोरीला काय कळणार? '40 गाड्यांची देखभाल, स्पेअर पार्टचा हिशेब, हाताखाली 12 माणसं' असं लिही. मी तसं लिहिलं तेव्हा कुठे गोदामात सुपरवायझर झालो. पहिल्याच दिवशी मॅनेजरला कडक सॅल्यूट ठोकला. बिचारा चहा सांडत उठून उभा राहिला! आता नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणतो.