काळातून प्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’ची ब्रिटिश विज्ञानकथा मालिका ‘डॉक्टर हू’ टीव्हीवर कधीच पाहिली नाही. बिग फिनिशची श्राव्यनाट्यं थेट ऐकली तर कळतील का?

हो, नक्की कळतील. ‘स्टॉर्म वॉर्निंग’ या नाटकापासून (२००१) सुरुवात करा. बिग फिनिश ही ब्रिटिश कंपनी १९९९पासून ‘डॉक्टर हू’ची अधिकृत श्राव्यनाट्यं काढते, तीही टीव्हीवरच्याच नटांना घेऊन. ‘स्टॉर्म वॉर्निंग’मध्ये डॉक्टर झालेल्या पॉल मॅकगॅनच्या वाट्याला तेव्हा पडद्यावर १९९६चा एकच टीव्हीपट आला होता. त्याचा डॉक्टर खरा फुलला तो इथे, नुसत्या आवाजावर. १९३०मधल्या आर-१०१ या वायुनौकेवर (एअरशिप) मुलाचा वेश करून चढलेली चार्ली पोलार्ड डॉक्टरला पहिल्यांदा याच नाटकात भेटते, म्हणून नवख्या श्रोत्यालाही तिच्याबरोबर त्याची ओळख होत जाते. फक्त चार्लीच्या पुढच्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्यामुळे क्रम मोडू नका. आणि हेडफोन लावूनच ऐका, निम्मं नाटक पार्श्वध्वनीत आहे.