'हेडियन'ला 'नरकयुग' म्हणावे का?

विचारणा अशी आहे : पृथ्वीच्या इतिहासातल्या पहिल्या कालखंडाला भूविज्ञानात 'हेडियन' म्हणतात. एका लेखात त्याचे मराठीकरण 'नरकयुग' असे केलेले दिसले. ते योग्य आहे का? नसेल तर काय लिहावे?

'नरकयुग' लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातला 'नरक'ही अडचणीचा आहे आणि 'युग'ही.

हे नाव अमेरिकी भूवैज्ञानिक प्रेस्टन क्लाउड यांनी १९७२ साली वापरात आणले. पृथ्वी घडली तेव्हापासून सर्वांत जुन्या ज्ञात खडकापर्यंतचा काळ, म्हणजे ज्याचा एकही खडक हाती नाही असा काळ, त्यांना त्यातून सांगायचा होता. आज त्याची मर्यादा साधारण ४५६ कोटी ते ४०३ कोटी वर्षांपूर्वीची मानतात. नाव आले ग्रीक 'हेडीस'वरून. हेडीस हा मृतांच्या लोकाचा राजा, आणि त्याच्या राज्यालाही तेच नाव. मात्र ग्रीकांच्या या लोकात सज्जन-दुर्जन सगळेच मेल्यावर जातात. काळोखाचा, सावल्यांचा तो प्रदेश. पाप्यांच्या शिक्षेसाठी 'टार्टारस' नावाची जागा वेगळी. हेडीसला धगधगत्या आगीचा अर्थ पुढे ख्रिस्ती कल्पनांमुळे चिकटला.

आपला नरक म्हणजे रौरव, कुंभीपाक; पापाचा हिशेब चुकता करण्याची जागा. तो शब्द आला की वाचकाच्या मनात आधी पाप येते, खडक नाही. 'पाताळ' सुचवणारेही भेटतात. पण विष्णुपुराणात नारद पाताळ पाहून येतात आणि ते स्वर्गाहूनही रमणीय असल्याचे सांगतात! त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे 'यमलोक', पण 'यमलोकीय कालखंड' असे कोण म्हणणार?

'हेडीस' या नावाचा संबंध खुद्द ग्रीक लोक 'न दिसणारा' या अर्थाशी जोडत. क्लाउड यांच्या मनात तो अर्थ होता असे मी म्हणत नाही, पण या कालखंडाला तो आगीपेक्षा फार चांगला शोभतो. कॅनडातला अकास्टा नाइस हा सुमारे ४०३ कोटी वर्षांपूर्वीचा खडक. कालखंडाची सीमा त्याच्याच आधाराने आखली आहे. त्याच्या अलीकडे खडकांची नोंद सुरू होते, पलीकडे जवळजवळ कोरे पान. तेव्हाचे कवच वितळले, गाडले गेले, पुन्हापुन्हा घडले.

उरले ते झिर्कॉन या अतिशय टिकाऊ खनिजाचे बारीक कण. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधला एक कण सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या कणांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वस्तुमानाच्या अणूंचे) प्रमाण पाहून असा निष्कर्ष काढला गेला, की ज्या शिलारसातून ते कण घडले त्याच्या मूळ द्रव्याचा द्रवरूप पाण्याशी आधीच संबंध आला असावा. म्हणजे पृथ्वी घडून वीसेक कोटी वर्षे होतात न होतात तोच पाणी! सुरुवातीला शिलारसाचा महासागर होता, चंद्र ज्या धडकेतून जन्मला असे मानतात ती धडकही याच काळातली. पण पुढची कोट्यवधी वर्षे सगळी आगच आग होती, हे चित्र आता टिकत नाही. 'नरक' शब्द नेमके तेच चित्र पक्के करतो, म्हणून माझा त्याला विरोध आहे. आपल्याकडेही ओडिशात चंपुआजवळ, झारखंड-ओडिशात पसरलेल्या सिंगभूम भागातल्या प्राचीन खडकांत, ४२४ कोटी वर्षांपूर्वीचा झिर्कॉन सापडल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा शोध मराठी पाठ्यपुस्तकांत यायलाच हवा.

आता 'युग'. अश्मयुग, हिमयुग यांमुळे हा शब्द मराठीत फार लहान काळाशी बांधला गेला आहे. पुराणांतले कलियुगसुद्धा ४,३२,००० वर्षांचे. हेडियन मात्र ५३ कोटी वर्षांचा. 'महाकल्प' वापरावा, तर पुराजीव, मध्यजीव, नवजीव या महाकल्पांसाठी तो आधीच रूढ आहे आणि हेडियन हा त्यांच्याहून वरच्या पायरीवरचा विभाग. एकच शब्द दोन पायऱ्यांना लावला की विद्यार्थी गोंधळतात. 'अजीव' हा जुना पर्यायही सोडावा. तेव्हा जीवन नव्हतेच, असे ठामपणे सांगता येत नाही.

म्हणून सरळ 'हेडियन कालखंड' लिहावे. उच्चारताना 'डी' थोडा लांबतो, 'हॅडियन' मात्र नको. जुरासिक, कँब्रियन आपण असेच घेतले आणि ते शाळकरी मुलांच्याही तोंडी बसले. पहिल्या उल्लेखात एक वाक्य जोडावे : 'हेडियन, म्हणजे पृथ्वीच्या जन्मापासून सर्वांत जुन्या ज्ञात खडकांपर्यंतचा काळ.'