खाकी कव्हरमधले पुस्तक

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यालगत राहते. वय 41. दोन मुले, नोकरी आणि ठाण्याहून रोजचा लोकलचा प्रवास यांत शरीरसंबंधांची इच्छाच उरलेली नाही. मैत्रिणीने या विषयावरचे एक स्वमदत पुस्तक दिले आहे. मुलीच्या वहीसारखे खाकी कव्हर घालून मी ते साड्यांखाली ठेवले आहे. वाचून खरोखर फरक पडतो का?

उत्तर : पडू शकतो, मात्र कादंबरीसारखे एका दमात वाचून नव्हे. अशा वाचनाला ग्रंथोपचार म्हणतात, आणि इच्छा मंदावणे किंवा कामपूर्ती न होणे या तक्रारींत त्याचा उपयोग झाल्याचे संशोधनात दिसले आहे. आपल्यात काही बिघाड आहे हा समज अशा वाचनाने ढिला होतो, आणि अनेक स्त्रियांना इच्छा आधी नव्हे, तर स्पर्श सुरू झाल्यावर जागते हे कळले की स्वतःवरचा रागही निवळतो. खरा भाग पुस्तकातल्या सरावांचा असतो. समागमाची अपेक्षा बाजूला ठेवून एकमेकांना केवळ स्पर्श करण्याचा सराव मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी 1970 मध्येच मांडला होता. त्यासाठी पुस्तक साड्यांखालून काढून पतीच्या हाती द्यावे लागेल, आणि माझ्या मते हीच पायरी सर्वांत अवघड आहे. (मराठीत र. धों. कर्वे यांनी 1927 पासून या विषयावर मासिक चालवले, तरी आपण अजून कव्हरे घालतो!)

संबंधांच्या वेळी वेदना होत असतील, तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. थायरॉइडचा विकार आणि नैराश्यावरील काही गोळ्या यांनीही इच्छा कमी होते. गोळ्या चालू असल्यास त्या परस्पर बंद करू नयेत.